वेगवान इलेक्ट्रिक गाडीत मन का रमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांनी दहा वर्षे एक छोटी, दोन आसनांची, हाताने गिअर टाकायची पेट्रोल गाडी वापरली आणि गेल्या वर्षी ती विकून ताशी १०० किलोमीटरचा वेग तीन सेकंदांत गाठणारी इलेक्ट्रिक सेडान घेतली. पहिले काही आठवडे ते भेटेल त्याला शेजारी बसवून गाडीचा पिकअप दाखवत होते. आता ती गाडी कामावर जाते आणि घरी येते. सुट्टीच्या दिवशी पहाटे, काही काम नसताना, केवळ चालवायची म्हणून तिला बाहेर काढावे असे त्यांना वाटत नाही. जुन्या गाडीसाठी मात्र ते गजर न लावता उठत असत. "वयामुळे माझाच उत्साह ओसरला आहे, की गाडीतच काहीतरी कमी आहे?" असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे गाड्यांचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जुळवण्याचे काम करतो आणि त्यातली बारा वर्षे ट्रॅकवर ड्रायव्हिंग शिकवतो आहे. या दोन्ही कामांत हीच तक्रार मी इतक्या लोकांकडून ऐकली आहे की तिचा वयाशी संबंध नाही हे खात्रीने सांगू शकतो. गाडी किती जोरात पळते यावर चालवण्यातली गोडी फारशी अवलंबून नसते. त्या पळण्यात चालकाचा स्वतःचा वाटा किती आहे, आणि आपण केले ते बरोबर जमले की फसले हे गाडी त्याला किती लवकर व किती स्पष्ट सांगते, यावर ती ठरते. आजच्या बहुतेक वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांत हा वाटाही लहान झाला आहे आणि गाडीचे सांगणेही क्षीण झाले आहे. त्याची कारणे पुष्कळशी यांत्रिक आहेत, म्हणून ती एकेक उलगडून सांगतो.

सुरुवात पिकअपपासूनच करू, कारण लोक त्यालाच भुलतात. तीन सेकंदांत शून्यावरून १०० म्हणजे सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९४ टक्के. पाठ आसनात रुतते, पोटात गोळा येतो, शेजारी बसलेला माणूस ओरडतो. हा अनुभव खरा आहे आणि पहिल्या वेळी तो थरारकच असतो. पण आपल्या कानाच्या आतल्या भागात प्रवेग ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिची आणि मेंदूची रीत अशी की त्यांना बदल जितका ठळक जाणवतो तितकी एकसारखी राहिलेली अवस्था जाणवत नाही. आणि तोच धक्का रोज, त्याच क्रमाने, त्याच जोराने मिळू लागला की मेंदू त्याची आगाऊ तयारी करून ठेवतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडते. धक्का कमी झालेला नसतो, त्यात आता नवे कळण्यासारखे काही उरलेले नसते.

त्या धक्क्याचा आकारही याला कारणीभूत आहे. इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते, एका ठराविक फेऱ्यांपर्यंत तो टिकवते आणि त्यानंतर शक्ती कायम ठेवत टॉर्क कमी करत जाते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर असतो. २०१९ मध्ये आलेल्या पोर्शे टायकानच्या मागच्या मोटरला दोन गिअर दिले गेले, हा त्यातला ठळक अपवाद. परिणाम असा की सर्वांत मोठा जोर अगदी आरंभी येतो आणि पुढे तो उतरतच जातो. नाटकाचा शेवटचा अंक पहिल्याच मिनिटाला होऊन जावा, तसे हे आहे. याउलट होंडाची १९९९ ची एस२००० घ्या. तिच्या दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची वरची मर्यादा, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर होती. खालच्या फेऱ्यांत ते इंजिन साधेच वाटते. सहा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो, आवाज पालटतो आणि तिथून ते वरपर्यंत चढत जाते. ती चढण हवी असेल तर चालकाला योग्य गिअरमध्ये असावे लागते, फेऱ्या तिथवर न्याव्या लागतात आणि नेमक्या क्षणी पुढचा गिअर टाकावा लागतो. म्हणजे जोर गाडीत आहे, पण तो चालकाला कमवावा लागतो.

आता हाच हिशेब रस्त्यावर मांडून पाहा. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यात चांगले टायर गुरुत्वाकर्षणाच्या ९० टक्क्यांपर्यंत बाजूची पकड देतील असे धरले, तर अगदी शेवटची मर्यादा ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास येते. सार्वजनिक रस्त्यावर शहाणा माणूस तिच्यापासून पुष्कळ दूर राहतो, म्हणजे अशा वळणातून साधारण पन्नासने जातो. अशा दोन वळणांमध्ये थोडी सरळ वाट आहे आणि तुम्हाला पन्नासवरून ऐंशीपर्यंत जायचे आहे. तीन सेकंदांच्या गाडीला त्यासाठी एक सेकंदही पुरेसा होतो. पाय दाबला, वेग आला, पाय काढला, ब्रेक दाबला. मधल्या वेळात करण्यासारखे काहीच नव्हते. मझदाची पहिली एमएक्स-५ ही १९८९ ची, ११५ अश्वशक्तीच्या आसपासची आणि साधारण साडेनऊशे किलोची गाडी. शंभर गाठायला तिला नऊएक सेकंद लागत. तीच वाट ती तीन-चार सेकंदांत कापते, पण त्या तीन-चार सेकंदांत ॲक्सिलरेटर जमिनीला टेकलेला असतो, इंजिन जिवाच्या आकांताने ओढत असते आणि दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडलेला असतो. गाडीतले जे काही आहे ते सगळे तुम्ही वापरलेले असते, आणि कायदाही मोडलेला नसतो. टेस्लाच्या २०२१ च्या मॉडेल एस प्लेडमध्ये तीन मोटारी आणि १,०२० अश्वशक्ती आहे. ती सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण वापरायची म्हटली तर दोन-तीन सेकंदांतच गाडी वेगमर्यादेच्या पलीकडे जाते. उरलेला सगळा वेळ चालक तिला आवरून धरत असतो.

गिअर टाकणे म्हणजे कष्ट, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक छोटी कृती जवळून दाखवतो. उताराचे डावे वळण आहे, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि वळणासाठी दुसरा हवा आहे. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबलेला आहे, डाव्या पायाने क्लच खाली गेला आहे, गिअरचा दांडा तिसऱ्यातून सुटून दुसऱ्याकडे येतो आहे. त्याच क्षणी ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता उजव्या पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरला हलकेच टोचते आणि इंजिनाच्या फेऱ्या तीन हजारांवरून साडेचार हजारांवर उडी मारतात. क्लच सुटतो. बरोबर जमले तर काहीच होत नाही. गाडी हिसका देत नाही, मागची चाके अडखळत नाहीत, शेजारी बसलेल्याला गिअर बदलल्याचे कळतही नाही. फेऱ्या कमी पडल्या तर गाडी पुढे झुकून हिसका देते; जास्त झाल्या तर किंचित पुढे ढकलल्यासारखी होते. दर वेळी निकाल लगेच लागतो आणि तो तुमच्या पायाखाली लागतो. मला हे बऱ्यापैकी जमायला एक वर्ष लागले, आणि आजही सकाळच्या पहिल्या दोन-तीन वळणांवर ते थोडे चुकते. ते चुकू शकते म्हणूनच जमल्याचे समाधान मिळते. इलेक्ट्रिक गाडीत या कामाची गरजच उरलेली नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती सुधारणा आहे यात वाद नाही. पण त्या कामासोबत शिकण्याची एक अख्खी पायरी निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी आला होता. त्याच्याकडे स्वतःची इलेक्ट्रिक गाडी होती, दोन टनांहून जड आणि अतिशय वेगवान. सकाळी तो ती चालवत होता, दुपारी मी त्याला शिकवणीची छोटी मागच्या चाकांवर चालणारी गाडी दिली. प्रत्येक फेरीनंतर मी एकच प्रश्न विचारतो, तिसऱ्या वळणात काय झाले? सकाळी त्याचे उत्तर होते, "काही विशेष नाही सर, नीट गेली." दुपारी तोच मुलगा हाताने वळणाचा आकार काढून दाखवत होता. ब्रेक जरा लवकर सोडला, त्यामुळे पुढचे टायर हलके झाले, गाडी बाहेर जाऊ लागली, मग पाय थोडा उचलला तर नाक आत आले, मग मागचा भाग सुटतोय असे वाटले म्हणून स्टिअरिंग जरा मोकळे केले. घड्याळाप्रमाणे सकाळच्या फेऱ्या कितीतरी जलद होत्या. पण सकाळच्या वळणात काय घडले हे त्याच्या गाडीला ठाऊक होते, आणि दुपारी काय घडले ते त्याला. सकाळच्या गाडीत मोटरच्या नियंत्रकाने चाक घसरायच्या आतच काही मिलिसेकंदांत टॉर्क कमी-जास्त केला होता, चार चाकांचे वेगवेगळे हिशेब लावले होते आणि त्याच्या चुका त्याला कळण्याआधीच पुसून टाकल्या होत्या. सुरक्षिततेसाठी मला हे फार मोलाचे वाटते, आणि घरच्या माणसांच्या गाडीत ते असलेच पाहिजे. फक्त, पुसलेल्या चुकीतून माणूस काही शिकत नाही.

आता वजनाकडे येतो. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. आजच्या बॅटरी पॅकमध्ये एका किलोमागे ०.१५ ते ०.२ किलोवॅट-तासच मावते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते आणि मोटर बॅटरीतली बहुतेक सगळी, हे धरूनही तफावत प्रचंड राहते. पेट्रोलची ५० लिटरची भरलेली टाकी ३७-३८ किलोची, तर ८० किलोवॅट-तासांचा पॅक पाचशे किलोच्या घरात जातो. एवढे वजन वाहायचे तर सांगाडा भक्कम हवा, ब्रेक मोठे हवेत, टायर रुंद हवेत, आणि ते सगळे पुन्हा वजन वाढवते. ताशी १०० किलोमीटरला एक टनाच्या गाडीत सुमारे ३८५ किलोजूल गतिज ऊर्जा असते, २.२ टनांच्या गाडीत तीच ८५० होते. ब्रेक आणि टायर यांना दर वळणापाशी एवढे रिचवायचे असते.

टायरची आणखी एक खोड आहे. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जड गाडीला तेवढीच पकड मिळवून द्यायची तर टायर अधिक रुंद आणि अधिक चिकट रबराचे लावावे लागतात. असे टायर पुष्कळ वेळ घट्ट धरून ठेवतात आणि सोडतात तेव्हा बरेचदा अचानक सोडतात. धरणे आणि सोडणे यांच्यामधला जो पट्टा चालकाच्या खेळण्याचा असतो तो अरुंद होतो आणि फार वरच्या वेगावर सरकतो. टोयोटाने २०१२ मध्ये ८६ ही गाडी आणली तेव्हा नेमका उलटा विचार केला होता. दोनशे अश्वशक्ती, सव्वा टनाच्या आसपास वजन, आणि टायर केवळ २१५ मिलिमीटर रुंदीचे, टोयोटाच्याच प्रिअस या काटकसरी हायब्रिड गाडीच्या काही आवृत्त्यांना असत त्या जातीचे. मुद्दाम कमी पकडीचे टायर लावल्यामुळे तो पट्टा रोजच्या वेगात, हाताशी आला. घड्याळ पाहणाऱ्यांना तो निर्णय विचित्र वाटला. मला तो गेल्या काही दशकांतल्या सर्वांत विचारी निर्णयांपैकी एक वाटतो.

बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी वळणात कमी कलते, हा इलेक्ट्रिक गाडीचा गुण म्हणून नेहमी सांगितला जातो. गुण तो आहेच. पण कलणे हा चालकाला मिळणारा एक निरोपही असतो. गाडी किती कलली, किती लवकर कलली आणि कलून कधी स्थिरावली, यावरून अनुभवी माणसाला बाहेरच्या दोन टायरांवर किती भार आला ते कळते. जड गाडीचे अंग आवरायला कडक स्प्रिंग आणि कडक अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारे दांडे) लावले की हे निरोप इतके थोडक्यात येतात की ते वाचायला सवड मिळत नाही.

स्टिअरिंगच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट होते. वळणात टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा पिळला जातो आणि बाजूचे बल त्या भागाच्या बरोबर मध्यावर न लागता जरा मागे लागते. त्या अंतरामुळे चाक सरळ होऊ पाहते आणि स्टिअरिंग तुमच्या तळहातांना परत ढकलते. वळण जसे घट्ट होते तसे हे ढकलणे वाढते. मग एक क्षण असा येतो की बाजूची पकड अजून वाढत असते, पण ते ढकलणे मात्र कमी होऊ लागते. टेकलेल्या भागाच्या मागच्या टोकाचे रबर घसरू लागलेले असते आणि बल मध्याकडे सरकलेले असते. हातात स्टिअरिंग किंचित हलके होते. टायर सांगतो आहे की अजून थोडे देऊ शकतो, पण फार नाही. पकड सुटण्याच्या आधीच मिळणारी ही सूचना म्हणजे माझ्या धंद्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. पुढच्या चाकांवर भार कमी असेल, टायर अरुंद असतील आणि मदत करणारी यंत्रणा कमी असेल, तेव्हा ती ठळक येते. लोटसची १९९६ ची एलिस सुमारे ७२५ किलोची होती आणि तिला पॉवर स्टिअरिंगच नव्हते; तिच्यात रस्त्यावरची पांढरी पट्टीसुद्धा तळहाताला कळते. दोन टनांच्या गाडीला मदतनीस मोटर जोरदारच लागते, आणि सगळा जोर तीच लावत असेल तर चालकाच्या हाताला त्या बारीक फरकातले फार थोडे पोहोचते.

इथे इलेक्ट्रिक गाड्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन विद्युत मदतीचे स्टिअरिंग आले ते पेट्रोल गाड्यांतच. वजन वाढले, टर्बो आले, गिअर आपोआप पडू लागले, रुंद टायर आले, हे सगळे त्यांच्यातच आधी घडले. आजची सातशे अश्वशक्तीची, ऑटोमॅटिक, दोन टनांची पेट्रोल सेडानही याच कारणांनी याच पद्धतीने कंटाळवाणी वाटते. इलेक्ट्रिक गाडीने ही वाट फक्त शेवटापर्यंत नेली.

ब्रेकचे पेडल हा असाच एक झाकलेला निरोप आहे. मोटर वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरते, आणि पोर्शेच्या म्हणण्याप्रमाणे टायकानमध्ये रोजच्या वापरातले सुमारे ९० टक्के ब्रेक लावण्याचे काम अशाच रीतीने होते, डिस्कला पॅड न लागता. उत्तम. पण कोणत्या क्षणी मोटर काम करते आहे आणि कोणत्या क्षणी पॅड, हे संगणक ठरवत असल्यामुळे अशा अनेक गाड्यांत पेडलचा पायाला लागणारा विरोध कृत्रिमरीत्या तयार केलेला असतो. तो मुलायम असतो, एकसारखा असतो, आणि टायर कुठवर आला आहे याबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही.

आवाजाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. आवाज गोड लागतो हा भाग ज्याच्या त्याच्या आवडीचा. चालकाच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग असा की फेऱ्यांच्या स्वरावरून, मीटरकडे न पाहता, वेग आणि गिअर दोन्ही कळत राहतात आणि डोळे वळणावर राहतात. ह्युंदाईने २०२३ मध्ये आणलेल्या आयोनिक ५ एनमध्ये आठ काल्पनिक गिअर आणि त्यांच्या जोडीला स्पीकरमधला इंजिनाचा आवाज आहे. पुढचा गिअर वेळेवर टाकला नाही तर काल्पनिक इंजिन मर्यादेला धडकते आणि खरोखरच जोर तोडला जातो. मी ती चालवण्यापूर्वी साशंक होतो. चालवल्यावर मला पटले की वळणाआधी दोन गिअर खाली घेणे आणि कानाने वेग मोजणे या दोन्ही गोष्टी त्यात खरोखर उपयोगी पडतात, कारण चालकाला पुन्हा एक काम मिळते आणि ते चुकण्याची शक्यताही परत मिळते. ते सगळे बनावट आहे हे माहीत असूनही हात आपसूक त्या कामाला लागतात. तरीही ती गाडी दोन टनांहून जड आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते वजन आपले अस्तित्व दाखवतेच.

तेव्हा विजेवर चालणे हा दोष नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. पायाखालच्या एका मिलिमीटरला मोटर जितक्या चटकन आणि जितक्या मोजून उत्तर देते, तितके कोणतेही टर्बो इंजिन देत नाही. ओल्या ट्रॅकवर, सगळे सहाय्य बंद करून, मागच्या चाकांवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी आडवी धरून नेणे हे मी केलेल्या सर्वांत नाजूक आणि आनंदाच्या कामांपैकी आहे. तिथे पकड कमी असल्यामुळे जोर एकदाचा पकडीच्या मापात येतो आणि पायाच्या बारकाव्यांना अर्थ येतो. टेस्लाची २००८ ची पहिली रोडस्टर एलिसच्या सांगाड्यावरून घडवलेली होती. तिच्यात ५३ किलोवॅट-तासांची, सुमारे ४५० किलोची बॅटरी असूनही ती तेराशे किलोच्या आसपास राहिली, आणि तिलाही पॉवर स्टिअरिंग नव्हते. बोलकी इलेक्ट्रिक गाडी बनवता येते याचा पुरावा सुरुवातीलाच मिळाला होता. पुढे बाजाराने आसने, पल्ला आणि शून्य-ते-शंभरचा आकडा मागितला आणि गाड्या त्या मागणीप्रमाणे घडल्या.

आता विचारणाऱ्या गृहस्थांनी काय करावे? गाडी विकण्याची घाई करू नये. आधी मोटरने आपोआप ब्रेक लावण्याचे प्रमाण सर्वांत कमी ठेवावे, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी वाहत राहील आणि ब्रेकचे काम पुन्हा त्यांच्या पायाकडे येईल. ॲक्सिलरेटरच्या स्पोर्ट मोडऐवजी सौम्य मोड निवडावा. त्यात पेडलचा प्रवास लांबतो आणि जोर मोजून देण्याला जागा मिळते. स्टिअरिंगचा 'जड' पर्याय बहुधा केवळ विरोध वाढवतो, माहिती वाढवत नाही, म्हणून हलका पर्यायच बरा. टायर बदलायची वेळ आली आणि कंपनीने लहान रिमची मान्यता दिलेली असली, तर लहान रिम आणि अरुंद टायर घ्यावेत; मात्र टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो हे सांगणारा आकडा, उतरू देऊ नये. स्थिरता नियंत्रण रस्त्यावर कधीही बंद करू नये, ते ट्रॅकसाठी ठेवावे. एवढे केले तर फरक जाणवेल. मात्र जुन्या गाडीची भूक त्याने पूर्ण भागणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो. जागा आणि ऐपत असेल तर इलेक्ट्रिक रोजच्या कामाला ठेवावी आणि सुट्टीच्या पहाटेसाठी एखादी जुनी, हलकी, कमी शक्तीची गाडी घ्यावी.

पुढची गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची ठरली, तर एकाच मॉडेलमधली एका मोटरची, मागच्या चाकांवर चालणारी, लहान बॅटरीची आवृत्ती आधी पाहावी. विक्रेते तिच्याकडे बोटही दाखवत नाहीत, पण ती बरेचदा शंभर-दोनशे किलोंनी हलकी असते आणि पुढच्या चाकांना फक्त वळण्याचे काम उरते. चाचणीच्या वेळी सरळ रस्त्यावर पाय दाबून पाहू नये, त्यातून काहीही कळत नाही. एखादे मोकळे, ओळखीचे, मध्यम वळण निवडावे आणि कायद्याच्या वेगात तीन वेळा त्यातून जावे: एकदा ब्रेक वळणापूर्वी पूर्ण सोडून, एकदा तो वळणात शिरेपर्यंत हलकासा धरून, आणि एकदा वळणाच्या मध्यावर पाय किंचित उचलून. मग गाडी बाजूला थांबवावी आणि तिन्ही वेळी स्टिअरिंगच्या वजनात, नाकाच्या वागण्यात आणि आसनाखाली काय फरक पडला ते सोबत्याला सांगून पाहावे. तीन वेगळी वर्णने करता आली, तर त्या गाडीची किंमत विचारायला हरकत नाही.